बोट्सवानात तंबूत राहून जंगल पाहायचं तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. ताडोबा, पेंच, कान्हा बऱ्याचदा पाहून झालं. आता चौघांना (नवराबायको, चौदा वर्षांची मुलगी आणि सत्तरीला आलेल्या सासूबाई) आफ्रिकेत लॉजऐवजी तंबूत राहून सफारी करायची आहे आणि मनात बोट्सवाना आहे. कॅम्पला कुंपण नसतं हे खरं का, मग रात्रीचं काय, कुठल्या महिन्यात जावं, आणि दहा दिवसांत किती ठिकाणं बसवावीत?

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो, कारण बाकीचं सगळं त्यावर ठरतं. दहा रात्रींत जंगलातले तीन कॅम्प. चौथा घालू नका. कार्यक्रमपत्रिकेत आठ नावं दिसली की पैसे वसूल झाल्यासारखं वाटतं, पण तिथे नकाशावरचे शंभर किलोमीटर म्हणजे अर्धा दिवस. माउन या गावाहून मोरेमी अभयारण्याच्या साउथ गेटपर्यंत अंतर तेवढंच आहे. डांबर संपलं की खडखडाट आणि वाळू, अडीच-तीन तास कुठेच गेले नाहीत. ख्वाईच्या रानातून चोबे पार्कातल्या सावुतीला जाताना मग्विख्वेची वाळूची धार ओलांडावी लागते, तिथे फोर बाय फोरसुद्धा कण्हत चालते. त्यात तंबू पाडा, सामान बांधा, नव्या जागी अंधाराआधी पोचा. दर वेळी जागा बदलताना सकाळचे पहिले तीन तास हातचे जातात, आणि प्राणी पाहायला आलेल्या माणसाने नेमके तेच तास घालवायचे नसतात.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. ताडोबात आपण गेटबाहेर झोपतो. रात्री आत काय घडलं ते गाइड आणि जिप्सीवाले एकमेकांना जे सांगतात त्यातून कळतं. मोरेमीत तुम्ही रात्रभर जंगलातच असता आणि सगळं तुमच्या कानांवर पडतं. पहिल्या रात्री तो नुसता गोंगाट वाटतो. दुसऱ्या रात्री आवाज वेगळे काढता येतात. तिसऱ्या सकाळी गेटकडे वळायचं की नदीकडे, हे तुम्ही गाइडच्या आधी सांगता. बुद्धपौर्णिमेला मचाणावर रात्र काढली असेल तर मी काय म्हणतोय ते लगेच कळेल. फरक इतकाच, की इथे मचाण जमिनीवर असतं आणि त्यात गादी असते.

आता कुंपण. खरंच नसतं. मोरेमी, सावुती, ख्वाई इथल्या कॅम्पच्या जागा म्हणजे झाडाखाली एक नंबराची पाटी, शेकोटीची जागा आणि जरा अंतरावर संडास-न्हाणीघर. मोरेमीतला थर्ड ब्रिजचा कॅम्प मोपेन झाडाच्या ओंडक्यांच्या पुलाशेजारी आहे, आणि पाय ओले न करता पलीकडे जायचं असेल तर सिंहही तोच पूल धरतात. सावुतीत हत्तींना नळातल्या पाण्याचा वास लागायचा आणि ते पाइप उखडून पाणी प्यायचे. शेवटी न्हाणीघराभोवती किल्ल्यासारखी भिंत बांधावी लागली. सकाळी तोंडात ब्रश घेऊन त्या भिंतीआड उभं राहिलं की बाजूने गेलेल्या हत्तीचा ताशीव पाऊलठसा पायाशीच असतो.

हे ऐकून सासूबाई घाबरतील, म्हणून नेमकं सांगतो. बंद तंबू ही सिंहाच्या लेखी एक मोठी निर्जीव वस्तू असते. तो वास घेतो, दोरीला अडखळतो, कधी सावलीला बसतो आणि निघून जातो. अपघात झालेत ते बहुतेक उघड्यावर झोपलेल्या, तंबूचं दार उघडं टाकलेल्या किंवा रात्री पायी फिरायला निघालेल्या माणसांचे. म्हणून चेन खालपर्यंत लावायची, ऑक्टोबरच्या उकाड्यातही. जाळीच्या खिडक्या उघड्या चालतात, दार नाही. तंबूत खाण्याचा कण नको, संत्रं तर नकोच; हत्तीला लिंबूवर्गीय फळांचा वास फार लांबून येतो, आणि झिम्बाब्वेतल्या माना पूल्समध्ये ती फळं न्यायलाच बंदी आहे. बूट आत घ्या. तरसाला चामडं खायला आवडतं आणि एक बूट घेऊन उरलेली सफारी करता येत नाही. कूलबॉक्स, भांडी, कचरा, सगळं गाडीत.

रात्री लघवीला? तंबूत झाकणाचा डबा ठेवा. लाजायचं काही नाही, सगळे तेच करतात. ज्यांना ते जमत नाही त्यांनी संध्याकाळचा चहा सोडावा. जेवण झाल्यावर शेकोटीपासून तंबूपर्यंतचे दहा पावलंसुद्धा डोक्याला टॉर्च लावून, आधी सावकाश पूर्ण गोल फिरवून, मग चालायचे. डोळे चमकतील. जमिनीलगत हिरवट-निळे टिपूस असतील तर ते कोळी. एकाच ठिकाणी बऱ्याच जोड्या, हलत्या, इकडेतिकडे बघणाऱ्या, त्या इम्पाला हरणांच्या. उड्या मारत जाणारा एकच डोळा म्हणजे स्प्रिंगहेअर, सशाएवढा, कांगारूसारखा उडणारा उंदराच्या जातीचा प्राणी. आणि रुंद अंतरावरचे, पिवळसर, तुमच्याकडेच रोखून थांबलेले दोन डोळे दिसले तर पळायचं नाही. तोंड तिकडेच ठेवून मागे मागे गाडीत. मुलगी चौदाची असली तरी अंधार पडल्यावर ती मोठ्या माणसाच्या हाताच्या अंतरावर हवी, ही अट मी कुणासाठीच सोडत नाही. बरेच आयोजक लहान मुलांना अशा कॅम्पवर घेतच नाहीत, ते याचमुळे.

सिंहापेक्षा मला पाण्याकाठाची जास्त काळजी असते. पाणघोडा रात्रभर चरायला बाहेर असतो आणि उजाडायच्या सुमाराला पाण्याकडे परततो. त्याच्या आणि पाण्याच्या मधे कोणी उभं असेल तर तो थांबून विचार करत बसत नाही. सकाळचा चहा हातात घेऊन नदीकाठी सूर्योदय बघायला जाणारे पाहुणे प्रत्येक गटात एक-दोन असतात. चहा कॅम्पवर प्यावा. भांडी नदीवर घासायची नाहीत, पाण्यात मगरी आहेत. रोजचा खरा उपद्रव मात्र वानरं आणि बबून यांचा. पाठ वळली की पाव गेला म्हणून समजा.

आता आवाजांकडे वळू. सिंहाची गर्जना सिनेमात ऐकतो तशी एक डरकाळी नसते. आधी दोन-तीन लांब कण्हल्यासारखे सूर, मग पूर्ण ताकदीच्या गर्जना, आणि शेवटी धापा टाकल्यासारखी हुंकारांची लांबलचक माळ. शांत रात्री ती आठ किलोमीटरपर्यंत ऐकू येते. जून-जुलैच्या थंड रात्री जमिनीलगतची हवा गार आणि वरची उबदार असते, त्यामुळे आवाज वर न जाता लांबवर पसरतो आणि तीन किलोमीटरवरचा सिंह तंबूमागे वाटतो. इथला तरस आपल्या माळरानावरच्या तरसाहून वेगळा, ठिपक्यांचा. आपला पट्टेवाला फारसं बोलत नाही. हा रात्रभर बोलतो. खालून वर चढत जाणारी ‘ऊऽऽऊप’ अशी साद म्हणजे तो एकटा आहे आणि भाईबंदांना बोलावतोय. खिदळणं आणि किंचाळणं सुरू झालं की मांसावरून भांडण. त्याच दिशेने सिंहांचं गुरगुरणंही आलं, तर सकाळी तिथे जायचंच. बिबट्या इथेही करवत चालवल्यासारखाच खोकतो, तुमच्या मुलीला तो ओळखू येईल. एक गंमत लक्षात ठेवा: न्क्साई पॅन, मखाडिखाडीसारख्या उघड्या मैदानांवर नर शहामृग घुमतो, आणि तो आवाज लांबून हुबेहूब सिंहासारखा वाटतो.

झोपण्यापूर्वी तंबूचं दार कुठल्या दिशेला आहे ते बघून ठेवा. पहाटे चारला गर्जना आली की अर्धवट झोपेतही ‘दाराच्या डावीकडे, संडासाच्या रेषेत’ एवढं मनाशी टिपता येतं. उजाडल्यावर त्या बाजूच्या वाटेवर हळू, खिडकीतून वाळूकडे बघत जायचं. सिंह वाटेनेच चालतात. ओल्या गवतात शिरायला त्यांनाही नको असतं. ठसा सापडला की तो कधीचा हे बघा. काल संध्याकाळच्या टायरच्या नक्षीवर उमटलेला असेल तर रात्रीचा. त्याच्यावरून रात्री फिरणाऱ्या किड्यांच्या बारीक रेघा गेल्या असतील, तर सिंह मध्यरात्रीआधीच निघून गेला. कड धारदार आहे, आत एकही रेघ नाही, आणि शेजारच्या वाळूवर दवाचे टिपके असून ठशात नाहीत, तर तो पहाटेचा. मग गाडी बंद करा आणि ऐका. नऊच्या सुमाराला वारा सुटला की हे सगळं पुसलं जातं. तरसाच्या ठशात नखं उमटतात, सिंहाच्या आणि बिबट्याच्या नाही. एवढा एक फरक कळला तरी पहिल्या दिवसाला पुरे.

ताडोबातले धोक्याचे कॉल तुम्हाला ओळखता येतात, इथले नवे शिकावे लागतील. चितळाच्या जागी इम्पालाची नाकातून काढलेली जोरदार फुस्स. वानराच्या जागी बबूनचं भुंकणं, आणि तो झाडावर बसून एकाच दिशेला बघत भुंकत असेल तर जवळपास नक्की बिबट्या. खारीची न थांबणारी कटकट साप किंवा लहान शिकाऱ्यासाठीही असते, तरी दोन मिनिटं थांबून बघावं. गिनी फाउल पक्ष्यांवर विश्वास ठेवू नका, ते कशालाही ओरडतात. जिराफ ओरडत नाही, पण तीन जिराफ चरणं सोडून एकीकडे टक लावून असतील तर दुर्बीण तिकडे वळवा. गिधाडं झाडावर बसून खाली बघत असली, तर शिकारी अजून मांसावर आहे. ती जमिनीवर उतरली असतील तर तो उठून गेला.

आणि बसायला शिका. आपल्याकडे एका पाणवठ्यावर दहा मिनिटं झाली की मागची जिप्सी हॉर्न वाजवते, त्यामुळे बसायची सवयच मोडली आहे. रानकुत्र्यांचं उदाहरण घ्या. उत्तर बोट्सवाना हा आफ्रिकी रानकुत्र्यांचा उरलेल्या मोजक्या भक्कम मुलखांपैकी एक. दुपारी तीनला ते झाडाखाली चपटे पडलेले असतात, कान तेवढे हलतात. गाड्या येतात, फोटो काढतात, जातात. तुम्ही थांबा. ऊन उतरलं की एक उठतो, दुसऱ्याचं तोंड चाटतो, पाच मिनिटांत सगळा कळप एकमेकांभोवती नाचायला लागतो, आणि मग शिंका सुरू होतात. ओकावांगो नदीच्या त्रिभुज प्रदेशातल्या संशोधकांनी २०१७ मध्ये दाखवून दिलं, की जितक्या जास्त शिंका तितकी कळप शिकारीला निघण्याची शक्यता जास्त. कळपाच्या म्होरक्याने सुरुवात केली असेल तर थोड्या शिंका पुरतात, दुय्यम कुत्र्याने केली तर बऱ्याच लागतात. निघाले की मात्र क्षणात नाहीसे. पार्कात रस्ता सोडून गाडी घालता येत नाही, त्यामुळे ते कुठल्या वाटेवर निघतील याचा अंदाज बांधायचा, एवढंच हातात असतं. जून ते ऑगस्टमध्ये पिल्लं बिळात असतात, तेव्हा कळप रोज त्याच भागात परततो आणि अंदाज जमतो.

हत्तींबद्दल वेगळं लिहायला हवं. बोट्सवानात सुमारे १,३०,००० हत्ती आहेत, जगातल्या कुठल्याही देशापेक्षा जास्त, आणि रोज तुमची सर्वांत जवळची गाठ त्यांच्याशी पडणार. कान पसरून, डोकं हलवत, तुतारी फुंकत धूळ उडवणारा हत्ती बहुतेक वेळा नुसता दटावतोय. गाडी शांतपणे मागे घ्या, त्याला जागा द्या. कान मागे चिकटलेले, सोंड आत वळवलेली आणि आवाज नाही, असा येणारा मनापासून येतोय. तेव्हा फोटो नाही, निघायचं. गालफडावरून मद ओघळतोय आणि मागचे पाय लघवीने ओले आहेत, असा नर लांबूनच सोडा. पिल्लू आणि आई यांच्यामध्ये गाडी कधीच नको. कॅम्पमध्ये हत्ती आला तर तंबूत गप्प बसायचं, टॉर्च मारायचा नाही. त्याच्या पावलांचा आवाज होत नाही. फांदी मोडते, पोटात गुरगुर होते, आणि तंबूच्या कापडाला घासून कातडं जातं तेव्हाच तो किती जवळ आहे ते कळतं. तो दोऱ्या बघून पाय टाकतो. तंबू लावताना फक्त एक पथ्य पाळा, किगेलियाखाली लावू नका. पुण्यामुंबईत रस्त्याकडेला ही झाडं तुम्ही पाहिली असतील, दुधीसारखी लोंबणारी फळं. ती काही किलो वजनाची असतात, वरून पडतात, आणि खाली पडलेली खायला हत्तीपासून बबूनपर्यंत सगळे येतात.

महिना कोणता? आपल्या शाळेच्या सुट्ट्या धरल्या तर मे किंवा दिवाळी, आणि दोन्ही चालतात, पण मार्ग वेगळा आखावा लागतो. ओकावांगोचं गणित उलटं आहे. पाऊस अंगोलाच्या पठारावर डिसेंबर ते मार्चमध्ये पडतो, ते पाणी सपाट जमिनीवरून रांगत रांगत कोरड्या हंगामात त्रिभुज प्रदेशात पसरतं आणि माउनपाशी जून ते ऑगस्टच्या दरम्यान चढतं. म्हणजे आकाशात ढग नसताना पूर. मेमध्ये हवा सुंदर, गवत अजून उंच, आणि मोपेनच्या रानातल्या डबक्यांत पाणी शिल्लक असल्याने प्राणी पांगलेले. अशा वेळी मोरेमी आणि ख्वाई धरावं. (मोपेनची पानं बघा, आपट्यासारखी जोडपानं, ऊन चढलं की ती मिटून कडेने उभी राहतात आणि झाडाखाली सावली म्हणून उरत नाही.) दिवाळीच्या सुमाराला पारा चाळिशीवर, धूळ, डबकी आटलेली, आणि सगळं जनावर नद्यांवर. तेव्हा चोबे नदीकाठावर दुपारनंतर शेकड्यांनी हत्ती पाण्यावर उतरतात. सासूबाईंना उकाडा सोसत नसेल तर मे घ्या. सोसत असेल आणि फक्त प्राणीच बघायचे असतील तर ऑक्टोबर. नोव्हेंबरात पहिला पाऊस झाला की कळप पुन्हा रानात शिरतात, म्हणून दिवाळी उशिरा असेल त्या वर्षी थांबा. जून-जुलैत पहाटे गोठवणारी थंडी असते. उघड्या गाडीत बसायला कानटोपी आणि हातमोजे लागतात, हे आफ्रिकेला निघालेल्या कुणालाही पटत नाही.

तुमच्यासाठी मी माउनहून सुरू करून चोबेकाठच्या कासाने गावाला संपवेन. जोहान्सबर्गहून माउनला विमान आहे, परतीला कासानेहून जोहान्सबर्ग, त्यामुळे आलेल्या वाटेने मागे फिरावं लागत नाही. एक रात्र माउन, तीन मोरेमी, तीन ख्वाई, दोन सावुती, शेवटची कासाने आणि तिथे संध्याकाळी चोबेवर होडी. सावुतीत गुबात्सा टेकडीवरची सान या तिथल्या मूळ रहिवाशांची चित्रं बघा, खडकावर एलांड हरणं आणि हत्ती आहेत. ख्वाई मुद्दाम तीन रात्री घातलं. मोरेमी हे अभयारण्य १९६३ मध्ये बातावाना लोकांनी स्वतःच्या जमिनीवर जाहीर केलं, आणि त्यात राहणाऱ्या बुगाख्वे सान लोकांना नदीपलीकडे हलावं लागलं. त्यांचंच ख्वाई गाव. गावाच्या वाट्याच्या रानात गाइडबरोबर रात्रीची फेरी मारता येते, जी पार्कात मिळत नाही. गावातला गाइड मिळाला तर घ्याच. पहिल्यांदा भेटताना ‘दुमेला रा’, बाई असतील तर ‘दुमेला मा’ म्हणा आणि त्याचं उत्तर येईपर्यंत थांबा. लगेच बिबट्याचं विचारणं तिथे उद्धटपणाचं मानतात.

गोरखचिंचेचे अवाढव्य वृक्ष बघायची फार हौस असेल तर सावुतीऐवजी न्क्साई पॅन घ्या. थॉमस बेन्स या चित्रकाराने १८६२ मध्ये रंगवलेला सात झाडांचा पुंजका अजून उभा आहे. पण मग मार्ग माउनलाच संपतो आणि चोबे सुटतं. मी सुटू देणार नाही.

स्वतः गाडी चालवावी का? वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून, भाड्याच्या हायलक्स गाडीच्या छतावर तंबूही मिळतो, आणि बरेच लोक जातात. तरी पहिल्या खेपेला नको. वाळूत टायरमधली हवा कमी करणं, गाडीखाली अडकलेलं वाळकं गवत पेट घेण्याआधी काढणं, पाणी भरलेली वाट आधी दुसऱ्या गाडीला ओलांडू देणं, माउन ते कासाने एवढं पेट्रोल बरोबर नेणं, यातच सगळं लक्ष जातं आणि जंगल राहून जातं. शिवाय छतावरच्या तंबूला शिडी असते, सासूबाईंनी रात्री ती उतरायची नाही. गाइड, स्वयंपाकी आणि खाटांचे जमिनीवरचे मोठे तंबू असलेली फिरती सफारी घ्या. संडास खड्ड्याचा असतो पण वर बसायची खुर्ची असते, आणि आंघोळीला फांदीला टांगलेली कॅनव्हासची बादली, गरम पाण्याची. विचारणा करतानाच सांगा, की एका गाडीत सहाच्या वर माणसं नकोत आणि प्रत्येकाला खिडकीची जागा हवी.

शाकाहारी असाल तर आधी लेखी कळवा, स्वयंपाकी शेकोटीवरच्या तीन पायांच्या बिडाच्या भांड्यात उत्तम भाजी-भात करतात. भाजणी, मेतकूट, लोणचं बरोबर न्या. कच्चं मांस न्यायचं असेल तर लाळ्या-खुरकुताची साथ रोखायला घातलेल्या गुरांच्या कुंपणावर, दक्षिणेकडे जाताना, ते काढून घेतात. हिवतापाच्या गोळ्यांचं डॉक्टरांना निघण्याआधी महिनाभर विचारा, सासूबाईंची रोजची औषधं दाखवून. विम्यात जंगलातून विमानाने हलवण्याचा खर्च धरलेला आहे हे स्वतः वाचून घ्या, एजंट ‘आहे’ म्हणाला तरी.

जागांचं बुकिंग सर्वांत आधी करा, विमानाची तिकिटं त्यानंतर. कॅम्पच्या जागा वेगवेगळ्या संस्थांकडे आहेत, आणि मुक्कामाला जाणाऱ्याने त्या रात्रीचं आरक्षण दाखवल्याशिवाय गेटवर आत सोडत नाहीत. थर्ड ब्रिज आणि ख्वाईच्या जुलै ते ऑक्टोबरच्या तारखा वर्षभर आधीच जायला लागतात. मेच्या त्या मानाने सावकाश. आयोजकाकडून तिन्ही कॅम्पची नावं आणि तारखा लेखी आल्या, की मगच पैसे भरा.